शेळीचं नाव जोसेफीन

"गुडघ्यावर बस! हात वर!"

रॉस्को गुडघ्यांवर बसला. खांद्यावरची शेळी सावकाश खाली ठेवू लागला, तर पोलीस पुन्हा ओरडला, "हलू नकोस!" आता घ्या! शेळी ठेवायची तर हलायला नको का? पण असले प्रश्न पिस्तुलाला विचारायचे नसतात. काळ्या पोरांना हे त्यांच्या आया लहानपणीच शिकवतात, रॉस्कोलाही शिकवलं होतं.

झालं होतं एवढंच, की शेळी कुंपणाखालून निसटून पलीकडच्या रस्त्यावर गेली होती आणि तो तिला परत घेऊन निघाला होता. एका शेजारणीनं खिडकीतून पाहिलं आणि फोन लावला. म्हणे, एक काळा माणूस शेळी चोरून नेतोय.

"साहेब, मी पलीकडच्या शेतावर शिकवतो. शाळेची पोरं येतात तिथे. दूध कसं काढायचं, वाफे कसे करायचे, ते मी दाखवतो त्यांना. ओळखपत्र कोटात आहे. कोट राहिला तिकडे कोठारात."

"सगळे हेच सांगतात." बेड्या कटकन बसल्या. मॅसॅच्युसेट्समधला मार्चचा चिखल विजारीतून आत झिरपत होता.

"मग शेतावरच्यांनाच विचारा ना! सगळे त्या कोठारातच बसलेत. एक फोन करा, पाया पडतो तुमच्या."

रॉस्कोनं आपलं नाव आणि शेतावरचा नंबर सांगितला. पोलिसानं फोन लावून आवाज मोठा केला.

"हॅलो, मी रानगुलाब!"

ही त्या शेतावरची रीतच होती. कामावर आलं की पहिल्या दिवशी झाडापानाचं एक नाव घ्यायचं. पोरांना गंमत वाटते म्हणून सुरू झालं, मग मोठ्यांनाच त्याचा नाद लागला. शेताची प्रमुख रानगुलाब, स्वयंपाकाचं बघणारी कांदेपात, आणि हा सहा फुटी धिप्पाड रॉस्को म्हणजे पुदिना. पगाराचं सगळं शहरातली कचेरी बघायची, त्यामुळे खरं नाव विचारायची वेळच कुणावर यायची नाही. शेळ्यांना मात्र माणसांची नावं होती.

"बाई, इथे एक शेळी सापडलीय. डावा कान फाटलेला."

"अरे देवा, जोसेफीन! लागलं नाही ना तिला? घाबरली असेल हो बिचारी!"

"शेळी बरी आहे. माणूस पकडलाय. रॉस्को टिलरी. तुमच्याकडे कामाला आहे म्हणतो."

"रॉस्को?" तिनं मागे वळून कुणाला तरी विचारलं. "नाही हो. त्या नावाचं कुणी नाही आमच्याकडे." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "काळा आहे का तो? मग साहेब, कृपा करून त्याच्याशी नीट वागा हं. वंशभेदाविरुद्धचं प्रशिक्षणच चाललंय आज आमच्याकडे. आत्ता ह्याच्यावरच बोलत होतो आम्ही."

रॉस्कोच्या तोंडचं पाणी पळालं. सांगावं का? बेड्या घातलेल्या माणसानं पोलिसाला सांगायचं, की मी पुदिना आहे? थट्टा करतोय असं वाटलं तर? वेडा वाटलो तर? वेड्या काळ्या माणसाचं पुढे काय होतं, तेही त्याला चांगलं ठाऊक होतं. पण पोलिसाचा अंगठा फोन बंद करायला निघाला होता. रॉस्कोनं लाज गुंडाळून ठेवली.

"रानगुलाब! मी पुदिना! अगं, मी पुदिना आहे!"

पोलीस खो खो हसत सुटला. फोनवर किंकाळीच आली. "पुदिना? अरे, तू तिथे काय करतोयस? आम्ही सगळे तुझ्यासाठी खोळंबलोय! साहेब, सोडा हो त्याला! आमचा आहे तो. आमच्या घरचाच आहे!" बोलता बोलता ती रडायलाच लागली. रॉस्कोचेही डोळे भरून आले. सुटलो बाबा, त्याला वाटलं.

पोलिसानं किल्ली काढली, आणि तो थांबला.

"बाई, मी कागदावर पुदिना लिहू होय? घरचा आहे ना तुमच्या? मग नाव सांगा त्याचं, ह्या क्षणी सोडतो. नाहीतर नेतो ठाण्यावर."

"पण मघाशी तुम्हीच..."

"मी काय म्हणालो ते सोडा. तुम्ही सांगा."

रॉस्कोनं तोंड उघडलं. "तू गप्प," पोलीस म्हणाला.

फोनमधून कुजबूज ऐकू येऊ लागली. सगळं कोठार एकमेकांना विचारत होतं. सांग गं, रॉस्को मनात म्हणत होता, आत्ताच तर ऐकलंस, एवढं एक सांग. त्याचा जीव कानांत गोळा झाला होता.

"आठवलं!" रानगुलाबच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "क्लेमंट! क्लेमंट नाव आहे त्याचं!"

पोलिसानं किल्ली परत खिशात टाकली.

क्लेमंट हा रॉस्कोच्या आधीचा काळा माणूस. गेल्या हिवाळ्यात नोकरी सोडून जाताना त्यानं कोठाराच्या दारात उभं राहून आपलं खरं नाव सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.