कोरं चिलखत

"ताई, रविवारच्या लढाईत तू नकोस," मोबाइलवरची नजर न काढता बिंदुमाधव म्हणाला.

अंबिका भोपळा चिरत होती. "का रे?"

"तक्त्यात बघ ना. सगळ्यात कमी मार तुझा. शत्रूला साधा ओरखडाही काढत नाहीस. आणि चिलखत? लढाई झाली की लोहाराकडे! माझं बघ, घेतलं तसं कोरं."

बँकेतून निवृत्त झाला तरी बिंदुमाधवचा हिशेब सुटला नव्हता. गंगेकाठी दुर्गाघाटच्या घरात भाऊबहीण दोघंच. गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्या बंद केल्यापासून दोघं मोबाइलवर किल्ले लढवत. जोडीला गल्लीतला श्रीराम आणि पुण्याची भाची विद्युल्लता. खेळाचा नियम साधा. चिलखत घाव सोसतं आणि घावागणिक झिजतं. पार झिजलं की पुढचा घाव थेट अंगावर. लढाई संपली की कोणी किती मारलं त्याचा तक्ता येतो. कोणी किती सोसलं ते बघायला आणखी एक पान उलटावं लागतं. बिंदुमाधवनं ते कधी उलटलं नव्हतं. जमेची बाजू दिसली की त्याचं पोट भरे.

"माझं नशीबच तसलं," तो खुशीत म्हणाला. "अण्णांचंच घे. अख्खा घाट त्यांना टरकून असे. मी संथा बुडवून गंगेत डुंबायचो, ओल्या केसांनी घरात शिरायचो. पण मला कधी बोट लावलं नाही त्यांनी. लाडका लेक होतो."

"होतास हं," अंबिका म्हणाली आणि फोडी पातेल्यात लोटल्या.

रविवारी तिच्या जागी श्रीरामचा एक तलवारबाज दोस्त आला. मार देण्यात पटाईत. किल्ल्याचं दार उघडलं आणि चौघंही वार करायला सरसावले.

"भइया, आगे कौन है?" फोनमधून श्रीराम ओरडला.

पुढे कोणीच नव्हतं. बिंदुमाधवचं कोरं चिलखत पहिल्या हल्ल्यातच तडकलं, दुसऱ्यात फुटलं. तिसरा घाव अंगावर आला आणि तो आडवा झाला.

"ताईजी को क्यों हटाया, भइया?"

त्यानं जुन्या लढाया काढल्या आणि पहिल्यांदाच ते दुसरं पान उलटलं. प्रत्येक लढाईत त्याच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. सगळे घाव अंबिकेच्या नावावर होते.

मग त्याला दारातला ताईचा आवाज आठवला. "अण्णा, मीच धाडलं होतं त्याला पाणी आणायला." त्यानंतर माजघरातून येणारा छडीचा आवाजही आठवला. तेव्हा तो आत पंचानं केस पुसत असे.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. अंबिका चष्मा लावून मोबाइलवर वाकली होती.

"ताई, परत ये. चुकलं माझं."

"नको रे. विद्युल्लतेच्या मैत्रिणींनी घेतलंय मला. धनुष्य दिलंय."

त्यानं वाकून पाहिलं. तिचं चिलखत कोरं होतं.

"या पोरी मला मागे उभी करतात," मान वर न करता ती म्हणाली. "पुढे कुणी असलं की कसं वाटतं, ते आत्ता कळतंय बघ."