दीड वॅट

बल्बची तार जोडली, की पट्टा घसरत होता. स्पिरिटच्या ज्योतीवर तापणारं ओंजळीएवढं पितळी वाफेचं इंजिन फुसफुसत पळत होतं आणि शेजारचा सायकलचा डायनॅमो जागचा हलत नव्हता. निवृत्त फिटरने तिसऱ्यांदा वाफ बंद केली. समोर त्याची ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पाचच्या गाडीने ती मुलाकडे राहायला जाणार होती, कायमची. त्याआधी तिला बल्ब लागलेला दाखवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"एवढ्या जाळावर चहा झाला असता," भाऊजी घड्याळ बघत म्हणाले. "चला, शास्त्रज्ञ. गाडी चुकेल आमची."

"थांबा हो जरा." ताईने पट्टा बोटाने दाबून पाहिला. "ढिला झालाय रे. चामडं ताणतंच. कात्री दे."

कात्री देताना त्याचा चेहरा पडला. निदान आज तरी तिला कशाला हात लावायला लागू नये, असं त्याला वाटत होतं. पण तिची चाळीस वर्षं शिलाईत गेली होती. तिने बोटभर चामडं कापलं, टोकाला भोक पाडलं, पक्कडीने तारेचा आकडा वळवून पट्टा जोडला.

त्याने वाफ सोडली. डायनॅमो कुरकुरला, मग फिरू लागला. बल्बमधली तार लाल झाली, हळूहळू पिवळी.

"लागला की रे!" ताई खुर्चीतून अर्धी उठली.

"खालच्या ज्योतीचा उजेड याच्यापेक्षा जास्त आहे," भाऊजी म्हणाले.

"आहेच," फिटर हसला. "वाटीभर स्पिरिट जाळायचं आणि मिळणार दीड वॅट."

"मग माझं शिलाई मशीन नसतं चाललं यावर?" ताईने विचारलं.

"छे! तुझ्या मशीनला तीस वॅट तरी लागत असतील. अशी वीस इंजिनं लावावी लागली असती." तो तिच्याकडे न बघता, फिरत्या चाकाकडे बघत बोलत होता. "तेवढं तू एकटी पायांनी द्यायचीस, ताई. रोज दहा तास. म्हणून माझं शिक्षण झालं."

भाऊजींनी उचललेली पिशवी परत खाली ठेवली.

ताईने चपला काढल्या आणि आपल्या सुजलेल्या पावलांकडे, ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी, बघत राहिली.