भिंगरीची किंकाळी

बाहुलीने सुरा उगारला आणि भिंगरी पुन्हा खुदकन हसली.

"कट!" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "अगं, ती तुझा जीव घ्यायला आलीये! लग्नाचं आमंत्रण द्यायला नाही!"

"सॉरी सर," म्हणत भिंगरीने ओठ घट्ट मिटले. पण गालांवर हसू तसंच होतं.

एका जुन्या, गाजलेल्या भयपटाच्या नव्या अवताराचं चित्रीकरण चाललं होतं. जुन्यात दोऱ्यांवर नाचणारी लाकडी बाहुली होती. नव्यातली म्हणजे चालताबोलता संगणक. डोळ्यांत कॅमेरे, बोटाबोटांत मोटारी, आणि घरातली माणसं एकेक करून संपवायची हौस. शेवटी उरते धाकटी मुलगी. ती पलंगावर, बाहुली पायथ्याशी, आणि मुलीच्या किंकाळीवर सिनेमा संपतो. सगळं झालं होतं, फक्त किंकाळी अडून बसली होती.

फळ्यांच्या भिंतीमागे, छोट्या पडद्यासमोर आजोबा घाम पुसत बसले होते. जुन्या बाहुलीच्या दोऱ्या त्यांच्याच हातात असत. त्या बाहुलीपायी दिग्दर्शक लहानपणी पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपत नसे. म्हणूनच नवी बाहुली आपली आपण हलू शकत असूनही त्याने आजोबांना शोधून आणलं आणि तारा जोडलेले हातमोजे त्यांच्या हातात चढवले. आता इकडे आजोबांचं बोट जसं वळे, तसं तिकडे बाहुलीचं बोट वळे, पार करंगळीपर्यंत.

भिंगरी त्यांचीच नात. आईबाप सकाळीच कामावर जात, त्यामुळे तिची वेणीफणी, बुटांच्या नाड्या, रुसवेफुगवे सगळं आजोबांच्या खात्यात. एकदा ती त्यांचा विसरलेला डबा घेऊन स्टुडिओत आली आणि दिग्दर्शकाने तिलाच भूमिका दिली. आजोबांनी एकच अट घातली. बाहुली कोण चालवतं ते पोरीला कळता कामा नये. चालवणारा दिसला की भीती मेली, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. आजोबा मागे सुतारकामावर लक्ष ठेवतात, असं तिला सांगून टाकलं होतं.

"घाबरतच नाही हो कार्टी," आजोबा शेजारच्या इंजिनियरबाईंना म्हणाले. ही बाहुली बाईंनीच बनवली होती. "कुत्रा नाही, अंधार नाही, इंजेक्शन नाही. आमच्या घराण्यातच नाही ते." तक्रारीपेक्षा त्यात कौतुकच जास्त होतं.

तेवढ्यात तिकडे सेटवर निर्माता आला. गडी भला होता, पण त्याचाही धीर सुटला होता.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट बघतो. नाहीतर बाहेर बसलेल्या मुलीला घ्या."

बाहेरची मुलगी आईबरोबर आली होती आणि मागाल तेव्हा किंचाळत असे. सकाळी तिने नमुना दाखवला तेव्हा मेकअपवाल्याच्या हातातून पावडरचा डबा सुटला होता.

भिंगरीने ते ऐकलं. तिची हनुवटी थरथरली. "सर, मी करते ना नीट. मला काढू नका. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय."

पडद्यावर तो चेहरा बघून आजोबांनी हातमोजे घट्ट ओढून घेतले. पोरीला वाचवायचं तर तिला मारायलाच हवं होतं, आणि तेही चांगलं मन लावून.

त्यांनी आयुष्यभराची विद्या पणाला लावली. बाहुली पायथ्याशी उगवली. तिची बोटं पांघरुणावरून हळूहळू, एकामागून एक पुढे सरकू लागली. लाइटवाल्याने डोळे मिटून घेतले. दिग्दर्शकाने खुर्चीवर पाय वर घेतले. भिंगरीने ओठ चावला, नाक दाबलं, आणि फिस्सकन हसली.

आजोबांनी हातमोजे काढून इंजिनियरबाईंसमोर धरले.

"तुम्ही घाला."

"मी? अहो, मी नुसती बनवली. मला कुठे चालवता येते?"

"माझ्या हातात जरब राहिली नाही आता. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, पोरीचं काम जाता कामा नये. घाला."

बाईंनी हातमोजे घातले. बाहुली उठता उठता धडपडली. सुरा तिने चमच्यासारखा धरला होता. बोटं पांघरुणावर कशीही आदळत पुढे आली.

"असं मारतात का कुणाला!" आजोबा कळवळून पुटपुटले.

पलंगावर भिंगरी हसायच्या तयारीतच होती. ते हसू अर्ध्यावर थांबलं. ती बाहुलीकडे बघत राहिली. मग अंग चोरत मागे सरकली, पाठ भिंतीला टेकली, आणि तिने अशी किंकाळी फोडली की निर्मात्याच्या हातातला फोन खाली पडला. दिग्दर्शक 'कट' म्हणायचंच विसरला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शक भिंतीमागे धावला आणि हातमोजे बाईंच्या हातात बघून थक्क झाला. "बाई, हात आहे की जादू!" म्हणत दिग्दर्शकाने इंजिनियरबाईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. निर्मात्याने सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवलं, बाहेरच्या मुलीसाठीसुद्धा.

आजोबांनीही टाळ्या वाजवल्या. पोरीचं काम टिकलं, याचा त्यांना खरंच आनंद झाला होता. पण वाईटही वाटलं. भरल्या थिएटरांना कापरं भरवणाऱ्या हाताला घरची एक चिमुरडी दाद देईना, आणि सुरा कसा धरतात हेही न कळणाऱ्या बाई पहिल्या फटक्यात जिंकल्या. जग पुढे गेलं होतं. उद्यापासून घरीच बसावं असं ठरवून ते भिंतीमागून बाहेर आले.

भिंगरी गर्दीतून वाट काढत धावली आणि त्यांना घट्ट बिलगली. ती अजून थरथरत होती.

"शाब्बास!" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरलीस ना शेवटी?"

भिंगरीने तो हात दोन्ही हातांत धरला आणि हुंदके देत विचारलं, "आजोबा, या वेळी बाहुलीत तुम्ही का नव्हता?"