मावशीची शिंक

"तुम्ही मेलात, आता हलायचं नाही," दिग्दर्शकाने बजावलं. माद्रिदच्या स्टुडिओत नुरिया गळ्यापर्यंत चादर घेऊन निपचित पडली. मालिकेतल्या मावशीचं हे एका दिवसाचं काम. पाच वर्षं अशाच फुटकळ भूमिका करून वैतागलेली ती उद्या अभिनय सोडून गावी परतणार होती.

भाची झालेली मुलगी रडत अंगावर कोसळली, तिचे केस नाकात गेले आणि नुरिया सणसणीत शिंकली.

"मावशी जिवंत आहे!" मुलगी दचकून किंचाळली. सेटवर हशा पिकला. नुरिया ओशाळली.

दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "उद्याही या."

"अहो, पण मी मेले ना?"

"डॉक्टर चुकले म्हणू!"

मावशी प्रेक्षकांना आवडली, नऊ वर्षं जगली. मग नुरियाला सिनेमात नायिकेचं काम मिळालं, तेव्हा तिलाच मालिकेच्या लेखकाला विनवावं लागलं, "आता तरी मारा हो मला!"