निळ्या फिती

एकोणीस वर्षं मॅलकीनं गावाच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या संघाला शिकवलं, चार फायनल हरला आणि जिल्हा मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. त्याच्या जागी आलेल्या, त्याच्याच हाताखाली वाढलेल्या लॉर्कननं आज पहिल्याच वर्षी शेजारगावाविरुद्ध फायनलचं मैदान मारलं. कप द्यायचा होता मॅलकीनंच. कर्णधार कपाकडे बघून ओरडला, "अहो काका, या तर शेजारगावच्या लाल फिती! आपल्या निळ्या कुठायत?" कपाच्या कानांना जिंकणाऱ्यांचा रंग बांधतात. मॅलकीनं लॉर्कन हरेल या आशेनं लाल बांधला होता. निळा आणलाच नव्हता. "म्हातारा त्यांचा जावई झाला काय?" गर्दीतून कुणीतरी हाणलं. लॉर्कननं खिशातून विटक्या निळ्या फिती काढल्या. "तुमच्याच आहेत. चौथी फायनल हरल्यावर चिखलात फेकल्या होत्यात. मी जपल्या. बांधा तुम्हीच." मॅलकीनं बांधल्या. लॉर्कनचा विजय एकवेळ पचवला असता. त्याचा चांगुलपणा मात्र घशाखाली उतरेना.