रविवारची बोलणी

यशवंतरावांनी चहाचा कप मुद्दाम कलंडवला आणि ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. चहा चादरीवरून गादीत उतरला.

"असू दे हं," हेमलता म्हणाली. "पुसते मी."

यशवंतरावांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती, सरकारी पगारावर. पगाराची अट एकच होती. ड्यूटीवर असताना कानामागे पट्टी लावायची. पट्टी लावली की चिडचिड होत नसे, कंटाळा येत नसे, माणूस गोड बोले. सुट्टी फक्त रविवारी. त्या दिवशी ती पट्टी काढून ठेवायची आणि सकाळपासून तिचं तोंड सुरू व्हायचं. "चाळीस वर्षं झाली, एक कप धड धरता येत नाही तुम्हाला. मी काय मोलकरीण आहे?" यशवंतराव अर्ध्या तोंडाने हसत. बाकीचे सहा दिवस ते ही बोलणी खायची वाट बघत.

गेल्या महिन्यात रविवारीही ड्यूटी घ्यायची सोय झाली. हेमलताने फॉर्मवर सही केली तो बुधवार होता. पट्टी कानामागेच होती, त्यामुळे सही करताना तिला काहीच जड गेलं नाही.

"आज रविवार आहे," यशवंतराव अडखळत म्हणाले.

"हो ना. दुसरा कप आणू?"

त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. हेमलताने चादर बदलली, मग स्वच्छ रुमाल घेऊन त्यांचे डोळे टिपले. इथे आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं तिला आठवत होतं.