डाव्या हातातला शिक्का

"शक्य नाही," वरच्या गावचे श्ये गुरुजी म्हणाले. "आधी आमचा डाव होईल. मग त्यांना काय पीठ मळायचं ते मळू देत."

खालच्या गावाची माणसं खवळली. दू बाईंनी कपाळाला हात लावला. त्या जिल्ह्याच्या कचेरीतून आल्या होत्या आणि दुपारच्या होडीने त्यांना परतायचं होतं.

"सकाळपासून नुसते भांडताय," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही गावांनी एकदमच करून दाखवा. लढण्याची जी शैली जुनी वाटेल तिचं नाव मी सरकारी वारसा-यादीसाठी पुढे पाठवीन. दुसरी तिची शाखा."

शाखा! रुइछिनने वडिलांकडे, श्ये गुरुजींकडे पाहिलं. हिवाळ्यापासून खोकल्याने त्यांचं पार चिपाड झालं होतं. केवळ या दिवसासाठी त्यांनी जीव धरून ठेवला होता, हे तिला ठाऊक होतं. त्यांना मुलगा नव्हता. म्हणून त्यांनी सगळी विद्या मुलीला दिली आणि त्यापायी भाऊबंदांचे टोमणे खाल्ले. आज ती हरली तर ते टोमणे खरे ठरणार होते.

तिने तांदळाची पिशवी उचलून डाव्या हातात छातीशी धरली. वरच्या गावात हा डाव असाच शिकवत. मूळपुरुष श्ये यांनी शत्रूच्या छावणीत चोरपावलांनी शिरून बादशहाचा शाही शिक्का सोडवला. पाठलाग करणाऱ्याशी ते एका हाताने लढत राहिले आणि अखेर पुढे वाट उरली नाही तेव्हा शिक्का नदीला अर्पण केला. पिशवी म्हणजे तो शिक्का. डाव संपला की ती खरोखरच नदीत जाई. त्या तांदळाचा भात गावात कोणी खात नसे.

दू बाईंनी पिशवी हातात घेऊन पाहिली. "एवढा जड? मी संग्रहालयात पाहिलाय शिक्का. मुठीत मावतो."

"तुम्ही पाहिलात तो बादशहा गरीब असेल," गुरुजी म्हणाले. वरचं गाव खो खो हसलं.

खालच्या गावाकडून देपिंग पुढे आला. आडव्या अंगाचा, अबोल सुतार. त्यांच्या मूळपुरुषाने म्हणे झोपेतून दचकून उठलेल्या वाघाकडून विद्या घेतली होती. दोन्ही गावांत पिढ्यान् पिढ्या रोटीबेटी नव्हती. का नव्हती, ते कुणालाच आठवत नव्हतं.

"ताई, सांभाळून," देपिंग हळूच म्हणाला. "जागा कमी आहे."

"तू तुझं पीठ सांभाळ, दादा."

दोन्ही डाव देवळाच्या दारातून सुरू होत आणि नदीच्या काठावर संपत. दोघं एकाच उंबऱ्यावर उभी राहिली. झांज वाजली.

रुइछिन चवड्यांवर निघाली. मागे देपिंग डोळे मिटून तसाच उभा होता. त्यांच्या रीतीप्रमाणे वाघ अजून झोपेत होता. वरच्या गावातून कोणीतरी ओरडलं, "अरे, उठवा त्याला!" आणि तेवढ्यात तो दचकून जागा झाला.

ती पळाली. तो मागे आला. तिने वळून लाथ झाडली, तर तो नेमका खाली वाकला. तिने कोपर मारलं, तर त्याचा हात तिथे आधीच आडवा होता. दोघांनी कधी एकत्र सराव केला नव्हता, एकमेकांच्या अंगणात पाऊलही टाकलं नव्हतं, तरी एकही हात वाया जाईना. गर्दीतलं हसू विरलं.

देपिंगची मूठ सुसाट येई आणि पिशवीजवळ आली की उघडे. प्रत्येक वेळी. याच उघड्या पंजाला वरचं गाव पीठ मळणं म्हणत आलं होतं. आता तो पंजा रुइछिनच्या डोळ्यांसमोर होता आणि तिला हसू येत नव्हतं. शिक्का तर दगडाचा. त्याला लागेल म्हणून कोण हात आवरतं?

तिचा उजवा हात शिकवल्याप्रमाणे पिशवीवर आला आणि हलकेच थोपटू लागला. शिक्का जागेवर आहे ना, ते चाचपायचं, असं बाबा सांगत. थोपटायचं, मान झुकवून तोंडाने श्श करायचं, पुढे पळायचं. लहानपणापासून ती हे करत आली होती. आज मात्र तिने स्वतःचाच 'श्श' नीट ऐकला. दगडाला कोण असं निजवतं?

थांबावंसं वाटलं तिला. मनापासून वाटलं. पण खुर्चीत बाबा होते, आणि पायांना तर थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं. काठाचा शेवटचा दगड आला. ती गर्रकन वळली, दोन्ही हात उघडले आणि पिशवी नदीत गेली.

यानंतर मागे न बघता चालू लागायचं, अशी रीत होती. रुइछिनने मागे पाहिलं.

देपिंग काठावर गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात पाण्यावर पसरून. त्यांचा डाव असाच संपे, आणि संपल्यावर खालच्या गावात कधीच कोणी टाळ्या वाजवत नसे. डाव संपला तरी त्याला उठता येईना.

"वा!" दू बाईंनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या. "हे तुम्ही कधी बसवलंत?"

श्ये गुरुजी खुर्चीतून उठले. मुलीने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. खालच्या गावाच्या कुणापुढेही त्यांनी आजवर मान लववली नव्हती. ते काठापर्यंत चालत गेले, त्या सुताराशेजारी गुडघे टेकून बसले आणि कपाळ दगडाला लावलं.

मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मुलगा होता, की मुलगी?"